शेवटची सोळा पानं

शाल्मली, तुझ्या खोलीला यंदाही रंग दिला नाही.
पेंटर आला होता, भिंतीवर हात फिरवून म्हणाला,
काका, हे टाचांचे डाग आधी घासावे लागतील.
मी म्हटलं, राहू दे, हॉलपुरतंच कर.
उताणी पडून, पाय भिंतीला लावून
दुपारच्या दुपारी तू वाचायचीस,
आई ओरडायची, रक्त डोक्यात उतरेल.
रक्त नाही उतरलं. इंग्रजी उतरलं,
आणि आता तू दारखानला.

नकाशात बोटाने शोधलं. मंगोलिया.
निफाडचा पारा पाचावर,
द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या,
हे मी फोनवर जरा ऐटीतच सांगतो.
तू हसतेस. बाबा, इथे उणे एकतीस,
आणि मुलं मधल्या सुट्टीत आइस्क्रीम खातात.

काय पाठवू विचारलं, तर तुझी यादी विचित्र.
पातळ उशी.
बादली आणि तांब्या, कारण शॉवरखाली
अंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही.
मिसळीबरोबरचा पापड. मिसळ नको, नुसता पापड.
आणि वाचायला काहीतरी.
चांगलं नको बाबा, म्हणालीस,
दिवसभर वह्यांत लाल रेघा मारते,
असं पाठवा की चुका दिसल्या तरी
हात पेनाकडे जाणार नाही.

हे मला कळलं.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तिकिटं तपासली,
केसभर सरकलेला रंग, एक दात कमी असलेली कड.
घरी आल्यावर कॅलेंडर तिरपं दिसलं
तर तिरपंच राहू द्यायचो.

बिटको पॉइंटच्या मागे वाघचौरेची रद्दी.
किलोवर घेतले तीन जुने दिवाळी अंक,
कुणीतरी अर्धं सोडवलेलं शब्दकोडं
(आडवे सात चुकलंय, मी खोडलं नाही),
आणि कव्हर उडालेली एक रहस्यकथा.
पोस्टात काटा पाच किलो दोनशेवर.
खिडकीतली बाई म्हणाली, दोनशे ग्रॅम काढा.
मागे रांग. मेतकूट की पुस्तक?
मेतकूट काढलं.
आई चार दिवस बोलली नाही.
एवढ्या पार्सलला तिकीट एकही लागलं नाही, बरं का.
मशीनमधून एक स्टिकर निघाला, तोच चिकटवला.
मी सवयीने त्याची कड बघितली. सरळ होती.

महिन्याने तुझा फोटो आला.
पाय भिंतीला, पण जाड लोकरी मोजे.
डाग पडायचा नाही.

मध्येच एकदा सांगत होतीस,
वर्गातला तेमुलेन विचारतो,
मिस, तुम्ही काय काय मिस करता?
आणि तू खडू घेऊन उभीच राहिलीस.
आपल्याकडे काही करावं लागत नाही,
आठवण स्वतःच येते, न विचारता, चपला दाराशी काढून.
त्यांच्या भाषेत मात्र ते काम माणसाला लावलंय.
शेवटी फळ्यावर लिहिलंस: पापड.

मग परवा रात्री फोन. इथे साडेआठ, तुझ्याकडे अकरा.
बाबा, शेवटची सोळा पानंच नाहीत!
डॉक्टर, मोलकरीण आणि बुटका भाचा,
तिघंही जिन्यात उभे आहेत
आणि दिवे गेलेत. पुढे?

वाघचौरेने अख्खा गठ्ठा उपसला.
म्हणाला, साहेब, ती पानं
कुणाच्या तरी भेळीखाली गेली असणार.

तर आता मीच.
जन्मात रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिलं नाही,
पण रोज साडेआठला अर्धं पान सांगतो.
काल जिन्यात एक मांजर आणलं.
तू म्हणालीस, मांजर आधी नव्हतं.
म्हटलं, अंधारात दिसलं नसेल.
स्वयंपाकघरातून आई ओरडते,
त्या भाच्यानेच मारलंय, संपवा एकदाचं,
आमटी गार होतेय.

आमटी गरम करता येते.
दिवे मी अजून आणलेले नाहीत.
तुझी सुट्टी जूनमध्ये,
तोवर तिघांना जरा उभं राहावं लागेल.